तक्त्यात नसलेली गोळी

भाऊजी : मंगळवारी तू आली नव्हतीस.

बारकी : मंगळवारी दुकानात चष्म्याच्या काचांचा माल आला होता, भाऊजी. पेट्या उघडून लावेपर्यंत आठ वाजले. मी ताईला फोन केला होता की.

भाऊजी : केला होतास. लिहिलंय मी. हे बघ वहीत, ‘मंगळवार, बारकी नाही.’ आणि त्याच्यापुढे काय आहे ते वाच.

बारकी : तुमचं अक्षर म्हणजे...

भाऊजी : ‘त्रास नाही.’ आता सोमवार बघ. तू आलीस साडेसहाला. साडेसातला तिला चक्कर. आठला उलटी. साडेआठला म्हणते, एका दिव्याचे दोन दिवे दिसतायत. रविवारी तेच. शनिवारी तेच. तेवीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय, बारके. रोज एकाच मजल्यावर अडकायला लागली की मी त्या मजल्यावर जाऊन बघतो.

बारकी : म्हणजे मी मजला झाले.

भाऊजी : हसण्यावारी नेऊ नकोस. तिला काय खायला घालतेस?

बारकी : काही नाही. खरंच काही नाही.

भाऊजी : अगं, पाऊण पोट काढलंय तिचं. उरलंय ते एवढं, पोरीच्या मुठीएवढं. दोन घोट पाणी प्यायली की थांबावं लागतं. एक गोळी कुटायची, चमचाभर पाण्यात कालवायची, अर्धा तास थांबायचं, मग दुसरी. सगळं तक्त्यावर लिहून फ्रीजला लावलंय, आंधळ्यालाही कळेल. आणि तू लाडाने पिशवीतून काहीतरी आणतेस, मी जरा खाली गेलो की तिच्या तोंडात घालतेस. बहिणीचा जीव, समजतो मी. पण हे लाड तिला झेपत नाहीत.

बारकी : खायला आणत नाही मी.

भाऊजी : मग तुम्ही दोघी दार लावून काय करता? ...आता कुठे उठलीस?

बारकी : चहा ठेवते. तुमचा चेहरा बघा कसा झालाय.

भाऊजी : तू नको. गॅस मी लावतो. तू बस त्या स्टुलावर. भिंतीला टेकून बस, स्टूल डुगडुगतं.

बारकी : मला जमतं, भाऊजी.

भाऊजी : जमतं, ठाऊक आहे. पण घरात एक आजारी आहे तेवढी पुरे. दुसरी गॅसवर पडायला नको. रागावू नकोस, तुझ्या काळजीनेच म्हणतो.

बारकी : नाही रागावले. सवय झालीय. ताई झोपलीय का?

भाऊजी : आत्ताच डोळा लागलाय. हळू बोल.

बारकी : काल मी आले होते. दाराला कुलूप होतं. फोन उचलला नाहीत.

भाऊजी : काल आम्ही दवाखान्यात होतो. सकाळपासून दिवे लागेपर्यंत.

बारकी : का? टाके काढायला तर अजून...

भाऊजी : चहा घे आधी.

बारकी : भाऊजी, का?

भाऊजी : काल पहाटे पाच-सव्वापाच. मी खाली गादी टाकून झोपलो होतो. पलंग हलल्यासारखं वाटलं. उठून दिवा लावला तर तिचे दात खिळलेले, मान मागे, आणि हात असे झटकतायत. टाके उसवतील म्हणून मी तिच्या पोटावर उशी धरली आणि उशीवर हात. दीड मिनिट. घड्याळ समोर होतं म्हणून सांगतो, नाहीतर मला वाटलं असतं तास झाला. मग घोरायला लागली. जागी झाली तेव्हा मला विचारते, आज रविवार का, कामावर नाही गेलात?

बारकी : देवा.

भाऊजी : डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी असं झालं होतं? मी म्हटलं, कधीच नाही. तेरा वर्षं संसार केलाय, मला माहीत नसेल? तिला विचारलं. तीही नाही म्हणाली. मग त्यांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं.

बारकी : काय म्हणाले?

भाऊजी : म्हणाले, पोटातला कॅन्सर कधी कधी डोक्यात जातो. चक्कर, दोन-दोन दिसणं, तोल जाणं आणि आता हे. सगळं एका रेषेत बसतं म्हणाले. उद्या सकाळी मेंदूचा फोटो काढायचाय. आणि तसंच निघालं तर पुढचे उपचार देऊन तिचे हाल करण्यात अर्थ नाही. घरी न्या, जवळ बसा. असं म्हणाले ते. जवळ बसा.

बारकी : ताईला माहीत आहे?

भाऊजी : तिला सांगितलंय रक्त तपासायला जायचंय. काल मी कामावर फोन केला, म्हटलं रजा लागेल. साहेब विचारतात, साधारण किती दिवस? चांगला माणूस आहे, सहज विचारलं त्यांनी. पण मी काय सांगू? साधारण किती दिवस? पोरगी दहा वर्षांची आहे. संध्याकाळी मला म्हणते, बाबा, आई सारखी भिंत का धरते? मी म्हटलं, अशक्तपणा आहे. ती म्हणाली, मग सूप जास्त द्या ना तिला.

बारकी : भाऊजी, डोक्यात काही गेलेलं नाही.

भाऊजी : तुझ्या तोंडात साखर पडो.

बारकी : धीर द्यायला म्हणत नाहीये. खरंच गेलेलं नाही. ते आधीपासून आहे.

भाऊजी : काय आधीपासून आहे?

बारकी : फिट. ताईला फिट येतात. नववीत होती तेव्हापासून.

भाऊजी : तुला येतात.

बारकी : मला आयुष्यात एकदाही आलेली नाही.

भाऊजी : काहीतरी बोलू नकोस. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला तो टकला मला किती वेळा म्हणाला, तुमच्या मेव्हणीची गोळी आलीय, निरोप द्या म्हणून. मी दिलाय निरोप!

बारकी : चिठ्ठी माझ्या नावाची आहे. फाईल माझ्या नावाची आहे. दर सहा महिन्यांनी त्या डॉक्टरांपुढे मी जाऊन बसते आणि ताईला जे होतं ते मला होतं म्हणून सांगते. ते माझ्या डोळ्यांत बॅटरी मारतात, गुडघ्यावर हातोडी मारतात, म्हणतात प्रगती उत्तम आहे. उत्तम असायला काय झालं? गोळी मी घेतच नाही. गोळी ताई घेते.

भाऊजी : तेरा वर्षं?

बारकी : तुम्ही लग्नाचं बोलणं करायला आमच्याकडे आला होतात त्या दिवसापासून. गोळ्यांची पट्टी फळीवर राहून गेली होती. तुमच्या आत्याच्या नजरेला पडली. त्यांनी विचारलं, ही फिटची गोळी ना, कोण घेतं? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

भाऊजी : आणि तू?

बारकी : मी सोळा वर्षांची होते. मान हलवली.

भाऊजी : आठवतंय. परत जाताना आत्या म्हणाली होती, धाकटीला काहीतरी आहे खरं, पण आपल्याला धाकटी कुठे करायचीय.

बारकी : असं म्हणाल्या का? हे मला माहीत नव्हतं.

भाऊजी : म्हणजे तुम्ही सगळ्यांनी बसून मला फसवलंत. तुझे बाबा गेले, आई गेली, त्यांचा जाब कोणाला विचारू? भुलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी तिला तीनदा विचारलं. दुसरी कुठली गोळी रोज चालू आहे का? तीनदा! ती तीनदा नाही म्हणाली. मी शेजारी फाईल धरून उभा. खाली सही कोणाची आहे? माझी. टेबलावरच काही झालं असतं म्हणजे?

बारकी : मी तिला म्हटलं होतं, डॉक्टरांना तरी सांग.

भाऊजी : तू सांगायचं! तोंड नव्हतं तुला? आणि दवाखान्यात सहा दिवस तिच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, तेव्हा काय केलंत?

बारकी : तेव्हा सलाइनमधून गुंगीचं काहीतरी चालू होतं, त्यात निभावलं. घरी आल्यावर पंचाईत झाली. पूर्वी सकाळी तोंड धुताना मोरीतच एका घोटात गिळायची, कोणाला पत्ता नाही. आता उठता येत नाही, कपाट उघडता येत नाही. तिची प्रत्येक गोळी तुमच्या हातून. म्हणून मी संध्याकाळी घेऊन यायला लागले.

भाऊजी : पिशवीत आहे?

बारकी : आहे.

भाऊजी : काढ इकडे. ...एवढी मोठी? ही तिच्या घशाखाली उतरतेच कशी?

बारकी : नाही उतरली. पहिल्या दिवशी अख्खी दिली तर अडकली. किती वेळ छाती चोळत बसले होते. तुम्ही तेव्हा पोरीला आणायला गेला होतात. दुसऱ्या दिवसापासून मी कुटून द्यायला लागले. दोन चमच्यांच्या मध्ये धरून. तुमच्या तक्त्यावर लिहिलंय ना, प्रत्येक गोळी कुटून, चमचाभर पाण्यात.

भाऊजी : माझ्या तक्त्यात ही गोळी नव्हती, बारके. हे पाठीमागे बारीक काय छापलंय? तुझे डोळे चांगले आहेत, वाच.

बारकी : ‘अख्खी गिळावी. कुटू अथवा चावू नये.’

भाऊजी : पुढे.

बारकी : ‘औषध सावकाश सुटण्यासाठी.’ ...तेरा वर्षं मी या पट्ट्या आणतेय. कधी उलटून बघितलं नाही.

भाऊजी : दिवसभर थोडं थोडं सुटायचं ते. तू कुटलंस म्हणजे दिवसभराचं एका दमात अंगात. म्हणून चक्कर, म्हणून उलटी, म्हणून दोन दिवे. आणि मंगळवारी ते एका दमातलंही मिळालं नाही, म्हणून बुधवारची पहाट.

बारकी : म्हणजे मी तिला...

भाऊजी : रडू नकोस. आत्ता नको. आधी मला नीट समजू दे. मी वहीत बोट ठेवून बघतोय, सगळं जुळतंय. लिफ्टमध्ये बिघाड सापडला की बरं वाटतं माणसाला. मला आत्ता काय वाटतंय तेच कळत नाही.

बारकी : डोक्यात गेलेलं नाही, तेवढं धरून ठेवा.

भाऊजी : त्या पोस्टातल्या मुलाचं काय झालं होतं?

बारकी : कोणाचं?

भाऊजी : चार वर्षांपूर्वी. तुझं जवळजवळ ठरलं होतं त्याच्याशी. साडीचा रंगसुद्धा पक्का झाला होता.

बारकी : त्यांनी नाही म्हटलं. कोणीतरी कानावर घातलं असेल. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच माहीत आहे मला फिट येतात ते. दुकानातसुद्धा मालक मला भिंगं घासायच्या मशीनवर बसू देत नाहीत. तेरा वर्षांत मी काउंटरच्या पलीकडे गेले नाही.

भाऊजी : मी सांगितलं त्याला.

बारकी : तुम्ही?

भाऊजी : मी स्वतः पोस्टात गेलो. दुपारी त्याची जेवायची सुट्टी झाली तेव्हा. म्हटलं, हे बघा, मुलगी गुणाची आहे, पण हा एक आजार आहे. लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. लपवून केलेला संसार मला पटत नाही. असं म्हणालो मी. याच शब्दांत. शिव्या दे.

बारकी : तो काय म्हणाला?

भाऊजी : आभार मानले त्याने माझे. म्हणाला, तुमच्यासारखी सरळ माणसं राहिली नाहीत.

ताई : जरा हळू बोला. आत सगळं ऐकू येतंय.

भाऊजी : तू कशाला उठलीस? चौकट धर. धर आधी.

ताई : धरलीय. बारके, तू सांगितलंस.

बारकी : उद्या तुझ्या डोक्याचा फोटो काढणार होते, ताई. तुझं पोटातलं डोक्यात गेलंय म्हणून.

ताई : रक्त तपासायचंय म्हणाले होते हे.

भाऊजी : मी तसं सांगितलं होतं.

ताई : म्हणजे तुम्हीही लपवलंत.

भाऊजी : एक दिवस! एक दिवस लपवलं मी. तेही तुला झोप लागावी म्हणून. माझ्याशी बरोबरी करू नकोस.

ताई : नाही करत. उभं राहवत नाही. बसू?

भाऊजी : बस. इथे नको, ते डुगडुगतं. खुर्चीत बस. ...लग्नानंतर किती वेळा आली?

ताई : तीनदा. कालची चौथी. दोनदा तुम्ही कामावर होतात. एकदा बाळंतपणाला माहेरी गेले होते तेव्हा. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं माहीत होतं. म्हणून तर सहा महिने आधीच गेले होते.

भाऊजी : मनगटावर भाजलेलं आहे ते?

ताई : त्यातलंच एक. तुम्हाला म्हटलं होतं, पातेलं निसटलं.

भाऊजी : पोरीला आंघोळ घालताना शेजारच्या काकूंना बोलवायचीस. मला वाटायचं, तुला गप्पांची हौस.

ताई : एकटीने एकदाही घातली नाही तिला आंघोळ. काकू गावाला गेल्या की पोरगी दोन दोन दिवस पारोशी राहायची. बादली भरलेली दिसली की आधी ती ओतून टाकायचे.

भाऊजी : आणि स्कूटर शिक म्हणून मी किती मागे लागलो. भित्री म्हणायचो तुला. चारचौघांत म्हणायचो.

ताई : म्हणायचात. बरं वाटायचं मला. भित्री म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

भाऊजी : मला का नाही सांगितलंस? पहिल्या वर्षी नाही, समजू शकतो. पोरगी झाल्यावर? दहा वर्षांत?

ताई : लग्नाआधी सांगितलं असतं तर केलं असतंत माझ्याशी?

भाऊजी : ...नाही.

बारकी : भाऊजी.

भाऊजी : तेव्हा नसतं केलं. खोटं कशाला बोलू.

ताई : मग झालं तर.

भाऊजी : काय झालं? त्या डॉक्टरांनी तीनदा विचारलं तुला. जीव जाईल एवढी गोष्ट आहे ही, बाई. तेव्हा तरी?

ताई : तुम्ही शेजारी उभे होतात.

भाऊजी : म्हणून?

ताई : म्हणून. तुम्ही नसतात तर सांगितलं असतं. तुम्ही हलतच नव्हतात तिथून. मी दोनदा पाणी आणायला पाठवलं, तुम्ही नर्सला आणायला लावलंत.

भाऊजी : मी डॉक्टरांना फोन करतो. बारके, ती पट्टी दे. चिठ्ठीवर कोणाचं नाव आहे ते राहू दे. औषधाचं नाव मोठ्याने वाच, मी लिहून घेतो.

(पाच दिवसांनी, दुपारी. आतली खोली.)

ताई : आज दुकान नाही?

बारकी : अर्ध्या दिवसाची रजा टाकली. उशी उंच करू?

ताई : एवढी नको. हं. आता बरोबर आहे. चक्कर गेली बघ पूर्ण. दिवा एकच दिसतो.

बारकी : नव्या औषधाने उलटी?

ताई : नाही. पातळ आहे ना, उतरतं नीट. दिवसातून तीनदा थोडं थोडं देतात. डोक्याचा फोटो स्वच्छ निघाला.

बारकी : कळलं मला. भाऊजींनी फोन केला होता.

ताई : पोटातल्या गाठींचं सांगितलं का?

बारकी : चार म्हणाले.

ताई : ऑपरेशनच्या वेळी सतरा काढून तपासायला दिल्या होत्या. त्यातल्या चार खराब. पुढच्या महिन्यापासून सलाइनमधून औषध, सहा महिने. केस जातील म्हणाले. मी विचारलं, सहा महिन्यांनंतर काय? डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनंतर बोलू. यांच्याकडे बघून म्हणाले. माझ्याकडे नाही.

बारकी : दर वेळी मी येईन बरोबर.

ताई : बारके, हे माझ्याशी बोलत नाहीत.

बारकी : अजून?

ताई : सगळं करतात. अंग पुसतात, सूप गाळून देतात, रात्री चारदा उठून बघतात. चमचा तोंडापुढे धरतात. शब्द नाही. पोरीशी हसतात, माझ्याकडे वळले की चेहरा बंद. ओरडले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरांपुढे मात्र सगळं नीट सांगितलं. डॉक्टर मला म्हणाले, बाई, तुम्ही टेबलावर मरायला निघाला होतात. तर हे म्हणाले, तिला बोलू नका, आजारी आहे ती. तेवढं एक वाक्य. तेही माझ्याशी नाही, माझ्याबद्दल.

बारकी : परवा ते औषधाच्या दुकानात आले होते. मी पलीकडच्या फुटपाथवर उभी होते, त्यांनी बघितलं नाही मला. दुकानात सात-आठ माणसं. टकला म्हणाला, मेव्हणीचं का? तर म्हणाले, मेव्हणीचं नाही, माझ्या बायकोचं. मेव्हणीला काही आजार नाही, कधीच नव्हता. टकल्याला ऐकू आलं नाही की त्याने मुद्दाम केलं, माहीत नाही. त्याने परत विचारलं. यांनी परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

ताई : सगळ्यांसमोर?

बारकी : तिथे वजनकाट्यावर एक बाई उभ्या होत्या, त्या उतरायच्या थांबल्या.

ताई : तुला बरं वाटलं असेल.

बारकी : मला वाटलं होतं, वाटेल. मी घरी जाऊन मशीनमध्ये कपडे टाकले, भात लावला. एकोणतीस वर्षांची आहे मी, ताई. त्या पोस्टातल्याला आता दोन मुलं आहेत.

ताई : त्याच्याबद्दल तुला एक सांगायचंय.

बारकी : भाऊजींनी सांगितलं मला. त्यांनी जाऊन सांगितलं होतं त्याला. त्या दिवशी, तू उठायच्या आधी.

ताई : ते सांगितलं त्यांनी. माझं नाही सांगितलं.

बारकी : तुझं काय?

ताई : त्या दिवशी रविवार नव्हता, पण यांना सुट्टी होती. मी यांचा शर्ट इस्त्री करत होते. हे म्हणाले, मी पोस्टात जाऊन येतो, त्या मुलाला बारकीचं सांगून टाकतो. लपवालपवी नको. तुला काय वाटतं?

बारकी : तुला विचारलं होतं त्यांनी?

ताई : विचारलं. दारात उभे होते, चपला घालून. मी नको म्हटलं असतं तर गेले नसते. एवढं ऐकायचे माझं. पण नको म्हटलं असतं तर विचारलं असतं, का नको? मग काय सांगणार होते मी? त्याच्याशी लग्न होऊन तू तिकडे गेली असतीस, तर तुझ्या नवऱ्याने फाईल बघितली असती. मग गोळी कोणी आणली असती? हे सगळं तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. तेवढ्यात. इस्त्री हातात होती.

बारकी : काय म्हणालीस?

ताई : म्हटलं, हो, सांगून टाका. आणि शर्ट दिला त्यांना. म्हटलं, हा घाला, तो चुरगळलाय. संध्याकाळी तुझा फोन आला, रडत होतीस. मीच तुला म्हटलं, जाऊ दे, तुझ्या नशिबात यापेक्षा चांगला असेल.

बारकी : म्हणाली होतीस.

ताई : काहीतरी बोल, बारके.

बारकी : त्या दिवशी भाऊजींनी त्यांचं सांगितलं तेव्हा मी मनातून त्यांना माफ करून टाकलं होतं. म्हटलं, यांना काय माहीत. मला वाटलं, तिथे संपलं.

ताई : मी मरायच्या आधी सांगायचं होतं.

बारकी : मरायचं नाव काढू नकोस. त्याने मला बोलता येत नाही. आजारी माणसाशी भांडता येत नाही, हे तुला चांगलं माहीत आहे.

ताई : तसं नव्हतं मनात.

बारकी : असेल. नसेलही. ...चार वाजले.

ताई : बाटली त्या खिडकीत आहे. मापाचं टोपण वर आहे. दे ना.

बारकी : मी नाही देणार.

ताई : बारके.

बारकी : तेरा वर्षं मी आणून दिलं. आता मी निघते. भाऊजी बाहेरच बसलेत, पोरीचा पंखा दुरुस्त करतायत. त्यांच्याकडे माग.

ताई : ते बोलत नाहीत म्हटलं ना.

बारकी : तू बोल. आणि नाव घेऊन माग. ‘ते औषध’ नाही, ‘ती बाटली’ नाही.

ताई : बाहेर काकू आल्यात. ऐकतील.

बारकी : ऐकू देत.

ताई : उद्या येशील?

बारकी : माहीत नाही. सलाइनच्या दिवशी येईन. तेवढं नक्की. आता माग.

ताई : अहो... अहो, ऐकलंत का? माझं फिटचं औषध द्यायचं राहिलंय.

भाऊजी : आलो. हाताला ग्रीस आहे, धुतो आणि आलो.